फरसूट घालून कॉनला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरहून मुंबई-पुण्याच्या कॉमिक कॉनला (कॉन म्हणजे चाहत्यांचं संमेलन) किंवा इथल्याच एखाद्या कॉलेज फेस्टला फरसूट घालून जायचं ठरलं, की तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. मी सूट शिवते, कधीकधी घालते, पण बहुतेक वेळा दुसऱ्याच्या सूटबरोबर सोबती म्हणून चालते. त्यामुळे उत्तरं दोन्ही बाजूंनी दिली आहेत. उकाड्याचा भाग लांबलचक झाला आहे. तो मुद्दाम तसा ठेवला आहे, कारण जिवाशी गाठ तिथेच आहे.

फरसूट म्हणजे नक्की काय? कॉस्प्लेपेक्षा वेगळा कसा?

माणसासारखं वागणाऱ्या प्राण्याचं, कृत्रिम फरच्या कापडातून उभं केलेलं सोंग म्हणजे फरसूट. कॉस्प्लेमध्ये आपण बहुधा कॉमिक, सिनेमा किंवा गेममधलं तयार पात्र होतो. फरसूटमधलं पात्र बहुतेकदा घालणाऱ्याने स्वतः घडवलेलं असतं. त्याचं नाव, रंग, स्वभाव सगळं त्याचंच. त्याला फरसोना म्हणतात. या छंदातल्या लोकांचं, म्हणजे फरींचं, पहिलं संमेलन १९८९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोस्टा मेसा इथे भरलं, कॉनफ्युरन्स झिरो नावाने. आज पिट्सबर्गचं अँथ्रोकॉन, शिकागोजवळच्या रोझमाँटचं मिडवेस्ट फरफेस्ट आणि १९९५ मध्ये सुरू झालेलं, आता जर्मनीत भरणारं युरोफरन्स ही मोठी संमेलनं आहेत. खाली लिहिलेले बरेचसे रिवाज तिथे रुळले. आपल्याकडे सूट घालायची पहिली संधी बहुधा कॉमिक कॉनमध्येच मिळते, आणि तिथे आजूबाजूच्या नव्वद टक्के लोकांना हे रिवाज माहीत नसतात असं धरूनच चालावं.

घरच्यांना कसं समजावू? आईला वाटतं हे काहीतरी भलतंच आहे.

इंटरनेटवर फरींबद्दल अश्लील मजकूर आणि टवाळी भरपूर आहे. आईने तेच आधी पाहिलं असेल तर तिचं दचकणं साहजिक आहे. तिच्याशी वाद घालू नका, तिला काम दाखवा. फोमचा सांगाडा, हाताने घातलेले टाके, डोळ्यांची जाळी हे सगळं समोर ठेवा. माझ्या ओळखीतल्या एका काकूंचा विरोध मुलाच्या सूटचे पंजे शिवताना मावळला, कारण बोटांची शिवण त्याला जमत नव्हती आणि त्यांना ती बघवेना. प्राण्याचं सोंग घेऊन नाचणं आपल्या मुलखाला नवीन नाही, हेही सांगा. जव्हारकडच्या बोहाड्यात मुखवटे नाचतात, मंगळूरला दसऱ्यात हुलिवेषाचे वाघ निघतात, त्रिशूरला ओणमच्या दिवसांत पुलिकळी हा वाघनाच असतो. आणि एक माहिती द्या: बहुतेक फरींकडे सूट नसतोच. ते चित्रं काढतात, गोष्टी लिहितात.

पहिला सूट पूर्ण घ्यावा की अर्धा?

पार्शल. म्हणजे डोकं, पंजे, शेपूट, जमलं तर पावलं, आणि मधे आपले साधे कपडे. इंदूरच्या हवेत पहिल्याच वेळी फुलसूट घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. पार्शलमध्ये छाती-पाठ मोकळी राहते, घाम सुकतो, बाथरूमला जाता येतं, खर्चही बराच कमी. पात्र डोक्यात आणि हातांत असतं. लोक चेहरा बघतात, पोटरी नाही.

फरचं कापड आणि अस्तर महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केटमध्ये शोधायला सुरुवात करा, फोम सोफा बनवणाऱ्यांकडे मिळतो. कापड घेताना बोटांनी केस बाजूला करून विणीकडे बघा. वीण उघडी दिसत असेल तर ते कापड दोन धुण्यांत टक्कल पडल्यासारखं दिसेल. कापताना कात्री मागच्या बाजूने, फक्त विणीत चालवायची, केस कापायचे नाहीत. हे पहिल्याच दिवशी शिकून घ्या, नाहीतर प्रत्येक जोड उघडा पडतो.

आतून दिसतं किती?

फार थोडं. बहुतेक डोक्यांत डोळ्यांच्या जागी रंगवलेली जाळी असते, काहींत डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातल्या फटीतून बघावं लागतं. समोरचा एक तुकडा दिसतो. बाजूचं दिसत नाही आणि खालचं तर मुळीच नाही. म्हणून पायरी, वायर, जमिनीवर बसलेलं मूल आणि सांडलेला चहा हे चार धोके आतल्या माणसासाठी अस्तित्वातच नसतात. प्रकाश कमी झाला की जाळीतून दिसणं आणखी घटतं. ऐकूही कमी येतं, फोम आवाज खातो.

चष्मा असेल तर वाफ धरते. कॉन्टॅक्ट लेन्स चालत असतील तर उत्तम. चालत नसतील तर डोकं बनवतानाच चष्म्याच्या काड्यांसाठी फोम कोरून घ्या आणि थूथनात, म्हणजे नाकाच्या पोकळीत, कॉम्प्युटरचा छोटा पंखा बसवा. हवा बाहेर ओढणारा पंखा वाफही नेतो.

घरी सराव केल्याशिवाय कॉनला जाऊ नका. डोकं घालून जिन्यावर चढा-उतरा, दार उघडा, पाण्याची बाटली उचला. सराव करतानाही घरातलं कुणीतरी जवळ हवं.

सोबती कशाला लागतो? मित्र तर आजूबाजूला असतातच.

आजूबाजूला असणं वेगळं आणि काम अंगावर घेणं वेगळं. कॉनच्या भाषेत याला हँडलर किंवा स्पॉटर म्हणतात. सोबत्याने स्वतः त्या वेळात सूट घालायचा नाही, स्टॉलवर रमायचं नाही, फोनमध्ये बघायचं नाही. सूटमधल्या माणसाचे डोळे, कान आणि तोंड त्यानेच व्हायचं असतं.

मी कोपराला धरून चालते. पंजा धरला तर पंजा निसटून हातात येतो. पायरी आली की थांबवते आणि कानाजवळ पूर्ण वाक्यात सांगते: "तीन पायऱ्या, खाली, कठडा उजवीकडे." नुसतं "सांभाळ" म्हणून उपयोग नसतो, काय सांभाळायचं ते दिसत नसतं. खुणा आधी ठरवतो. पंजा छातीवर दोनदा आपटला म्हणजे पाणी. दोन्ही पंजे डोक्यावर म्हणजे आत्ताच्या आत्ता बाहेर. ही दुसरी खूण आली की फोटो अर्धवट राहिला तरी चालेल, समोर कुणीही असलं तरी चालेल, मी माणसाला घेऊन निघते.

गर्दी थोपवणं हेही माझंच काम. आपल्याकडे एकाने सेल्फी घेतला की "भिया, एक हमारा भी" म्हणत वीस जण जमतात, आणि आतला माणूस पात्रात असल्यामुळे नाही म्हणू शकत नाही. मी सुरुवातीलाच जाहीर करते, "पाच फोटो, मग याची पाणी प्यायची वेळ." वेळ झाली की सूटला वळवून चालू लागते. लोक नाराज होतात, होऊ द्या.

सोबत्याच्या पिशवीत काय असावं? झाकणाची बाटली आणि लांब स्ट्रॉ, ओआरएसची पाकिटं, दोन सुती पंचे, सुईदोरा आणि फरच्या रंगाचा धागा, सेफ्टी पिना, हातपंखा, घालणाऱ्याचा मोबाइल आणि पाकीट, आणि एक कागद ज्यावर त्याचं खरं नाव, घरचा नंबर, रक्तगट आणि औषधांची ॲलर्जी लिहिलेली आहे.

सूट किती वेळ घालून राहावं?

एसी हॉलमध्ये नवख्याने वीस मिनिटं ते अर्धा तास. बाहेर किंवा पंख्याच्या हॉलमध्ये त्याहून कमी. मग निदान तेवढाच वेळ डोकं काढून बसायचं. सरावलेली माणसं तासभर राहतात, पण त्यांचं बघून आपली वेळ ठरवू नका.

अंग थंड होतं ते घामाने नाही, घाम सुकण्याने. सूटच्या आत काही मिनिटांतच हवा दमट होते आणि घाम सुकायचा थांबतो. तो फक्त वाहतो, शरीरातलं पाणी आणि मीठ घेऊन जातो, थंडावा मात्र देत नाही. वर फर आणि फोम दोन्ही उष्णता धरून ठेवणारे. त्यात तुम्ही नाचत असाल, हात हलवत असाल, तर शरीर आतून आणखी तापतं.

आपल्या लोकांना इथे एक फसगत होते. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. उन्हाळा कडक असला तरी कोरडा, आणि रात्री गारवा येतो. "आम्हाला गरमीची सवय आहे" म्हणत आपण मुंबईला जातो आणि तिथली दमट हवा वेगळीच निघते. तापमान आपल्यापेक्षा कमी असूनही डोकं काढल्यावर घाम सुकत नाही, त्यामुळे विश्रांतीचा वेळही वाढवावा लागतो. उष्णतेला शरीर सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. कॉनच्या आधीच्या दिवसांत रोज थोडा वेळ चालणं, जिने चढणं असा घाम काढणारा व्यायाम केला तर फरक पडतो.

आदल्या रात्री जागरण झालं असेल, ताप असेल, पोट बिघडलं असेल तर त्या दिवशी सूट घालायचा नाही. दारू प्यायली असेल तर मुळीच नाही. दमा, रक्तदाबाचा त्रास, हृदयविकार, फिट येण्याचा इतिहास असेल किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना सूट किती जाड आणि बंद असतो तेही सांगा.

पाणी काय आणि केव्हा प्यायचं?

घालायच्या दोनेक तास आधी सुमारे अर्धा लिटर पाणी, सावकाश. आत असताना तहान लागण्याची वाट बघू नका, सोबत्याने वेळेवर स्ट्रॉ लावावी. स्ट्रॉ थूथनातून आत जाईल इतकी लांब घ्या, बहुतेक डोक्यांत तोंड उघडं असतं.

तास-दोन तास घाम गाळल्यावर नुसतं पाणी ढोसत राहणंही बरं नाही, रक्तातलं मीठ पातळ होतं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. अर्धं पाकीट अंदाजाने ग्लासात टाकायचं नाही, प्रमाण चुकतं. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. लिंबू पिळलं तर चवीला बरं.

आपल्या इंदुरी शिकंजीवर माझाही जीव आहे, पण ती आटवलेल्या दुधाची, सुकामेव्याची. दोन फेऱ्यांच्या मधे ती पोटात जड होते. ती सगळं उरकल्यावर, संध्याकाळी.

सूटच्या आत काय घालू?

अंगाला चिकटून बसणारे, घाम शोषून लवकर सुकणारे पॉलिएस्टरचे खेळाचे कपडे, पूर्ण बाह्यांचे. सुती बनियन ओला झाला की ओलाच राहतो आणि घासतो. डोक्याला पातळ बॅलाक्लाव्हा (डोकं-मान झाकणारी टोपी), त्यामुळे घाम फोममध्ये मुरत नाही आणि केस डोळ्यांत येत नाहीत. दोन जोड घ्या, पहिल्या विश्रांतीत बदला. कूलिंग व्हेस्ट घालत असाल तर बर्फाचे जेल पॅक थेट कातडीला लागू देऊ नका, मधे कापड हवं. आणि ते वितळल्यावर लगेच काढा. कोमट झालेली व्हेस्ट म्हणजे अंगावर आणखी एक जाड थर.

चक्कर आली, मळमळलं तर?

ताबडतोब डोकं काढायचं. कुठेही असाल, समोर लहान मुलं असोत, स्टेज असो. "पात्र मोडेल" हा विचार त्या क्षणी मनातही आणायचा नाही.

डोकेदुखी, मळमळ, पायात गोळे, अंग हलकं वाटणं ही सूचना आहे: सूट उतरवा, सावलीत किंवा एसीत बसा, ओआरएस घ्या, आणि त्या दिवशी पुन्हा सूट घालू नका. माणूस असंबद्ध बोलू लागला, चिडचिड करू लागला, नीट उत्तर देईना, तोल जाऊ लागला, शुद्ध हरपली तर तो उष्माघात समजायचा. शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेलं असतं आणि मिनिटं महत्त्वाची असतात. १०८ ला फोन करा. मध्य प्रदेशात आणि महाराष्ट्रात दोन्हीकडे हाच नंबर चालतो. गाडी येईपर्यंत सूट पूर्ण काढा, चेन अडकली तर कात्रीने कापा. अंगावर पाणी ओता आणि जोरात वारा घाला. मान, काखा, जांघा यांवर बर्फ किंवा ओले पंचे ठेवा. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. अंग घामाने भिजलेलं आहे म्हणजे उष्माघात नाही, असं मानू नका. श्रमातून येणाऱ्या उष्माघातात घाम चालूच असू शकतो.

महिनोन्‌महिने खपून शिवलेल्या सूटवर कात्री चालवायला हात धजावत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून माझ्या प्रत्येक सूटच्या मालकाकडून आधीच वदवून घेते: गरज पडली तर काप.

एरवी डोकं कुठे काढायचं?

मोठ्या फरी संमेलनांत यासाठी वेगळी खोली असते, हेडलेस लाउंज. मोठे पंखे, पाणी, सूट वाळवायची सोय, आणि आत फोटोला सक्त मनाई. आपल्याकडे अशी खोली आयती मिळत नाही, ती मागावी लागते. आयोजकांना आठवडाभर आधी लिहा: फरसूट आहेत, इतके जण, पंखा असलेली बंद खोली किंवा ग्रीनरूमचा कोपरा हवा. कारण उष्णतेचं सांगा, लगेच पटतं. अगदीच काही मिळालं नाही तर दोघांनी चादर धरून आडोसा करावा.

चारचौघांत डोकं न काढण्याचा रिवाज आहे आणि तो मला आवडतो. एखादं पोर लांडग्याशी बोलत असताना लांडग्याचं डोकं काखेत गेलेलं त्याने बघू नये. पण हा रिवाज तब्येत ठीक असतानाचा आहे. डोकं काढलेल्या कुणाचा फोटो त्याला न विचारता काढू नका. आतल्याला तुम्ही ओळखत असलात तरी सूटमध्ये असताना त्याला खऱ्या नावाने हाक मारू नका. घरी, ऑफिसात सगळ्यांनाच सांगितलेलं असतं असं नाही.

सूटमध्ये बोलावं का?

तुमच्या पात्रावर आहे. पुष्कळ जण बोलत नाहीत, हातवारे करतात, मान तिरकी करतात. डोकं फोमचं असल्यामुळे हालचाल दुप्पट मोठी करावी लागते. होकाराला नुसती मान नाही, खांद्यापासून हलावं लागतं. बोलत असाल तरी कुणीच हरकत घेणार नाही. अडचणीत मात्र मौन सोडा.

मी सूट घालत नाही, पण भेटायचं आहे. कसं वागू?

समोरून या, जिथून तो तुम्हाला बघू शकेल. हात करा, मिठी हवी असेल तर हात पसरून विचारा आणि मान हलेपर्यंत थांबा. मागून मिठी मारली तर आतल्याला फक्त धक्का कळतो.

शेपूट ओढायची नाही. ती पट्ट्याला अडकवलेली असते, ओढली की शिवण उसवते आणि माणूस मागे पडतो. डोळ्यांत बोट घालायचं नाही, नाक दाबायचं नाही, डोकं उचलून "आत कोण आहे" बघायचं नाही. हात स्वच्छ हवेत. पोहे-जिलबी खाऊन आलेल्या बोटांचा पाक पांढऱ्या फरवर लागला तर तो तिथेच घट्ट बसतो. कुणी पाणी पिण्यासाठी निघालेलं असेल तर वाट सोडा, फोटो नंतर मिळेल.

आणि सूट घालणाऱ्याने?

तुम्हाला चेहरा नाही म्हणून समोरच्याची संमती गृहीत धरता येत नाही, उलट तुम्हीच जास्त वेळ थांबायचं. सूटच्या आडून कुणाला नको तिथे हात लावणं हा गुन्हाच आहे, आणि अशा माणसाला गटातून काढण्यात मी कधी मुलाहिजा ठेवलेला नाही. तसंच सूटमधल्या मुलींनाही गर्दीत हात लावले जातात. "फरच तर आहे" हे कारण सोबत्याने ऐकून घेऊ नये. त्या माणसाला जागच्या जागी थांबवा, आयोजकांना बोलवा, मुलीला तिथून बाहेर काढा, तिला काय करायचं आहे ते तिला विचारा.

बाकी साधं आहे. स्टॉलच्या गल्लीत शेपूट हाताने धरा. काचेच्या वस्तूंजवळ जाऊ नका. रांग तोडू नका. दुसऱ्याच्या कार्यक्रमात स्टेजसमोर नाचू नका.

लहान मुलं घाबरतात. काय करावं?

सहा-सात फुटांवर थांबा, गुडघ्यावर बसा, अंग थोडं वळवून ठेवा आणि हळू हात हलवा. मूल आलं तर येईल. नाही आलं तर टाटा करून निघा. आईबाप रडणाऱ्या पोराला फोटोसाठी पुढे ढकलतात, तेव्हा सोबत्याने मधे पडावं: "काकू, राहू द्या, ती लांबूनच हात करू दे." मूल उचलून घ्यायचं नाही, तान्हं तर नाहीच, कितीही आग्रह झाला तरी. पंज्यात पकड नसते आणि पायाखालचं दिसत नसतं.

गल्लीतले कुत्रे?

हा प्रश्न विदेशी मार्गदर्शिकांत मिळत नाही, पण आपल्याकडे पहिल्यांदा यायला हवा. फोटोशूटसाठी कॉलनीतल्या बागेत गेलात की कुत्रे चार पायांवरून दोन पायांवर उठलेला प्राणी बघून पिसाळल्यासारखे भुंकतात. डोकं घातलेल्या माणसाला ते मागून येताना दिसत नाहीत. पळायचं नाही. सोबत्याने मधे उभं राहायचं, तुम्ही डोकं काढायचं आणि नेहमीच्या आवाजात बोलायचं. माणसाचा चेहरा आणि आवाज आला की बरेचसे शांत होतात. दात लागला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. "फर मधे होती, ओरखडाच आहे" म्हणून थांबू नका.

राजवाडा, सराफा इथे सूट घालून फिरता येईल?

राजवाड्यासमोर सकाळी लवकर, गर्दीच्या आधी, दोन सोबती घेऊन फोटो काढता येतात. कुणी पोलिस विचारायला आले तर लगेच डोकं काढा, नाव सांगा. मॉलमध्ये सुरक्षारक्षकांना आधी विचारल्याशिवाय आत जाऊ नका, चेहरा झाकलेला असतो.

सराफ्यात, म्हणजे रात्रीच्या खाऊगल्लीत, नाही. रात्रीची चेंगराचेंगरी, आणि दोन्ही बाजूंना पेटलेल्या भट्ट्या, उकळत्या तेलाच्या कढया. कृत्रिम फर बहुधा ॲक्रिलिकची असते. ती पेट घेते, वितळते आणि कातडीला चिकटते. हाच नियम दिवाळीच्या पणत्या, फटाके, आरतीचं ताट आणि सिगरेट ओढणारा मित्र या सगळ्यांना. रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीतही नाही, टँकरच्या पाण्याने भिजलेला सूट अंगावर पेलवत नाही आणि गुलाल फिकट फरमधून पूर्ण जात नाही. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (चित्ररथ) साध्या कपड्यांत बघा.

प्रवासात सूट कसा न्यायचा?

डोकं कायम हातात. अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला जाताना डोकं कापडी पिशवीत घालून वरच्या बर्थवर उशाशी ठेवा, अंगाचा भाग गुंडाळून सुटकेसमध्ये. विमानात देशांतर्गत बहुतेक कंपन्या हातातलं सामान सात किलोपर्यंत घेऊ देतात, डोकं त्यात सहज बसतं, आकाराचं मात्र आधी बघून घ्या. आत पंखा असेल तर त्याची पॉवर बँक काढून हातातल्या सामानातच ठेवायची, चेक-इनमध्ये ती चालत नाही. तपासणीत डोकं उघडून दाखवावं लागतं, पाच मिनिटं जास्त धरा.

उन्हात उभ्या गाडीत सूट ठेवू नका. ग्लू गनचा गोंद मऊ होतो आणि कान, दात, पापण्या सरकतात. मे महिन्यात तर अर्धा तासही नाही.

बाथरूमचं काय?

फुलसूट उतरवून पुन्हा घालायला वेळ लागतो, सोबतीही लागतो. घालण्याआधी जाऊन या. जावं लागेल म्हणून पाणी कमी पिणं हा सगळ्यात धोक्याचा उपाय आहे, तो करू नका. पाठीला चेन असण्यापेक्षा पुढे चेन असलेला सूट शिवून घ्या, मुलींनी तर आग्रहानेच.

धुवायचा कसा? पावसाळ्यात वाळत नाही.

प्रत्येक वेळी घातल्यावर आतल्या बाजूला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं-निम्मं करून फवारा, मोकळ्या हवेत, जवळ ज्योत नसताना, आणि पूर्ण सुकू द्या. अत्तर मारून वास झाकू नका, घाम आणि अत्तर मिळून वाईट होतं.

अंगाचा भाग थंड पाण्यात, लोकरीच्या कपड्यांसाठीच्या पातळ साबणात बुडवून हाताने दाबून धुवा. गरम पाणी, इस्त्री, गरम ड्रायर काहीही नको. फरची टोकं वितळून राठ होतात आणि ती परत मऊ होत नाहीत. मशीन फक्त पिळायला, सावकाश गतीवर. डोकं मशीनमध्ये टाकायचं नाही. पंखा, वायर, चुंबकाच्या पापण्या काढून आतलं अस्तर ओल्या फडक्याने पुसून घ्या.

वाळवताना डोकं प्लॅस्टिकच्या जाळीदार टोपलीवर उपडं ठेवते आणि खालून टेबलफॅन लावते, म्हणजे वारा मानेतून आत शिरतो. फर ओलसर असतानाच कुत्र्यांच्या केसांचा बारीक तारांचा ब्रश केसांच्या दिशेने फिरवा. जुलै-ऑगस्टमध्ये बाहेरून कोरडा लागणारा फोम आतून ओला असतो. बोटाने दाबून थंड लागला की अजून एक रात्र पंखा. ओला ठेवलात तर बुरशी धरते, आणि फोममधली बुरशी निघत नाही, फोमच बदलावा लागतो. डांबरगोळ्या ठेवू नका. ॲक्रिलिकला कसर लागत नाही आणि तो वास डोक्यात भरून तुमच्याच नाकात जातो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा.

मित्राचा सूट उसना घालून बघू का?

मित्राने स्वतःहून दिला तर, आणि स्वतःचा बॅलाक्लाव्हा, मोजे, आतले कपडे घेऊन. डोकं सैल असेल तर घालू नका, चालताना ते डोळ्यांवरून फिरतं आणि होता नव्हता तो समोरचा तुकडाही जातो. मान हलवून बघा. जाळी डोळ्यांसमोर राहिली तरच खोलीच्या बाहेर पडा. परत देताना धुवून, वाळवून, ब्रश करून द्या, आणि कुठे टाका उसवला असेल तर तो सांगून द्या.